फुटपाथवरचं झाकण

प्रश्न : लंडनमध्ये केन्सिंग्टन भागातलं १८, स्टॅफर्ड टेरेस हे व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न यांचं घर पाहिलं. तिथलं स्वयंपाकघर तळघरात असूनही त्याला खिडकी कशी? आणि लंडनच्या जुन्या गल्ल्यांत घरांपुढच्या फुटपाथमध्ये ताटलीएवढी लोखंडी झाकणं दिसतात, ती कशाची? – एक वाचक

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच खड्ड्यात आहे. अशा घरांची रांग उभी करताना तळघरासाठी खणलेली माती बरेचदा लांब टाकायला नेत नसत. पुढच्याच रस्त्यावर पसरून रस्ता उंच करत. त्यामुळे तळघर वाटतं तेवढं खोल नसतं; मागच्या दाराने गेलात तर पुष्कळदा थेट परसात पाय पडतो. पुढच्या बाजूला घर आणि फुटपाथ यांच्यामध्ये अरुंद खोलगट जागा उघडी ठेवत. तिला तिथे नुसतं ‘एरिया’ म्हणतात. खिडकीला उजेड तिथून, नोकरांची ये-जाही तिथूनच.

एरियाच्या पलीकडे, फुटपाथच्या पोटात, कमानदार छताची कोळशाची कोठी. कोळसेवाला झाकण काढून पोती वरूनच रिकामी करी, घरात काळं पाऊल पडत नसे. भोक जेमतेम फूटभर, म्हणजे चोर शिरायला नको. झाकण गोल, त्यामुळे कसंही फिरवलं तरी आत पडत नाही. वरची नक्षी ओल्यात पाय घसरू नये म्हणून, पण ओतकाम करणाऱ्यांनी त्यात काय हौस केली आहे! घरासमोरच्या गिलाव्याच्या खांबांपेक्षा मला ही झाकणं जास्त प्रिय आहेत.

सॅम्बोर्न १८७५ मध्ये या घरात आले. लोक त्यांचा दिवाणखाना पाहून हरखतात, आणि तो आहेच तसा. पण असल्या घरांत वरच्या प्रत्येक शेगडीसाठी कोळशाची बादली मोलकरणीच उचलून नेत, चार-चार जिने. म्हणून जिना चढण्याआधी तळघर पाहावं, असं मी सगळ्यांना सांगतो.

लंडनमध्ये अशा घरांच्या दुरुस्तीचं काम करत असताना एका कोठीत उतरलो होतो. झाकण आतून अडकवायची साखळी गंजून तशीच लोंबत होती. १९५६च्या क्लीन एअर ॲक्टनंतर शहरातला कोळसा हटत गेला, ती कोठीही कित्येक वर्षं रिकामीच होती. भिंतीला टेकलो, तर तळहात काळाभोर झाला.