सातव्या पिढीच्या इंटेल पीसीवर गेमिंगसाठी विंडोज सोडून लिनक्स घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे, ते थोडक्यात असे: सोलापुरातच सुटे भाग जुळवून घेतलेला पीसी आहे, त्यात सातव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही आणि केवळ त्यासाठी नवा मदरबोर्ड घेण्याची तुमची तयारी नाही; अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली घेतली तर तिच्यावर गेम नीट चालतील का? मी जुळे सोलापुरात राहतो आणि घरच्या पीसीवर लिनक्सवरच खेळतो. तरीही उत्तर देण्याआधी मला तुम्हालाच विचारावे लागेल, की तुम्ही नेमके काय खेळता?

व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट हे तुमचे रोजचे गेम असतील, तर विंडोज काढून टाकू नका. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसून काम करते आणि ती लिनक्सवर चालत नाही. जीटीए ५ ची कथा लिनक्सवर व्यवस्थित खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन भागाला बॅटलआय ही फसवणूकविरोधी यंत्रणा जोडल्यापासून तो भाग आपल्यासाठी बंद झाला. एपेक्स लेजंड्स तर ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालत होता. नंतर कंपनीनेच लिनक्सचे दार लावून घेतले. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोन्ही यंत्रणांमध्ये लिनक्ससाठी सोय आहे, मात्र ती सुरू करायची की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. त्यामुळे इथे कोणताही जुगाड उपयोगी पडत नाही, आणि करून पाहिला तर खाते बंद होण्याचीच भीती अधिक.

बाकीच्या गेमचे चित्र मात्र खरोखर चांगले आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्ससाठीच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत. विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालवण्यासाठी, स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. त्याचा पाया म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, १९९३ पासून विकसित होत आलेला वाइन हा प्रकल्प, आणि त्याच्या जोडीला डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या, आज्ञा लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारे डीएक्सव्हीके व व्हीकेडी३डी. व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक याच जोरावर चालतो. खेळणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. स्टीममध्ये नेहमीसारखे इन्स्टॉल करायचे आणि प्ले दाबायचे. एखादा गेम उघडताच बंद पडला, तर त्याच्या प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटी विभागात जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. गेम सुरू होण्यापूर्वी शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्याची पट्टी सरकताना दिसते, आणि तुमच्या प्रोसेसरवर ती चांगलीच रेंगाळेल. ती मध्येच वगळली तर खेळताना झटके बसतात. एपिक आणि जीओजी या इतर दुकानांतले गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालवता येतात. कोणता गेम कसा चालतो, हे प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर इतर खेळाडूंच्या नोंदींतून कळते, तेव्हा आपल्या लायब्ररीतले गेम एकेक करून तिथे आधी पाहून घ्या.

तुमचे जीटीएक्स १६५० हे कार्ड एनव्हिडियाच्या चालू ड्रायव्हरमध्ये बसते, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. १०५० टीआय किंवा १०६० असते तर ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरली असती. म्हणून कोणी जुने १०६० स्वस्तात देऊ केले तरी लिनक्ससाठी ते घेऊ नका. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे: एनव्हिडियाच्या कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजपेक्षा काही फ्रेम कमी देतात, आणि चार जीबी मेमरीच्या कार्डावर ते जाणवते. डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये मला घरी फरक दिसला नाही.

लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे तयार आवृत्त्यांपैकी, मी तुम्हाला बझाइट सुचवेन आणि त्याचे कारण आपल्या गावाशी निगडित आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दाटून आले की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बझाइट फेडोरा या दुसऱ्या वितरणावर आधारलेले आहे आणि त्याचे अपडेट म्हणजे संपूर्ण प्रणालीची नवी प्रत असते. ती पूर्ण तयार होईपर्यंत जुन्या प्रतीला धक्का लागत नाही, आणि नवी बिघडलीच तर पीसी सुरू होताना जुनी निवडता येते. डाउनलोड करताना एनव्हिडियासाठीची प्रत घ्या, म्हणजे ड्रायव्हर वेगळा बसवावा लागत नाही. लिनक्स मिंटही चांगले आहे. घरातल्या इतरांना त्याच पीसीवर काम करायचे असेल तर ते अधिक ओळखीचे वाटेल.

डिस्कच्या बाबतीत काटकसर करू नका. लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या, ती बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, आणि नंतर बायोसच्या बूट मेनूमधून हवी ती प्रणाली निवडा. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरचे गेम लिनक्समधून थेट चालवण्याचा मोह होतो, कारण ऐंशी-शंभर जीबी पुन्हा उतरवणे जिवावर येते. पण प्रोटॉनचे एनटीएफएसशी फारसे पटत नाही आणि विंडोजची फास्ट स्टार्टअप (झटपट सुरू होण्याची) सोय चालू असेल तर त्या ड्राइव्हवर लिहिताही येत नाही. गेमचे फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. मग स्टीम फायली तपासते आणि जे कमी असेल तेवढेच उतरवते.

विंडोज १० तसेच ठेवणार असाल तर ते फक्त त्या एखाद-दुसऱ्या ऑनलाइन गेमसाठी वापरा. बँकेचे व्यवहार आणि ईमेल लिनक्समधूनच करा. आणि यापुढे नवा गेम विकत घेतला की त्याच दिवशी चालवून पाहा, कारण खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करते, मग तो गेम लिनक्सवर चालला नाही हे कारणही पुरते.