नाताळ ‘मानणं’ आणि नाताळ ‘पाळणं’

निपाणीहून एका वाचकाने विचारलं आहे: “आमच्या शेजारचं ख्रिस्ती कुटुंब म्हणतं, ‘आम्ही येशूला मानतो, पण नाताळ मानत नाही, 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही.’ दुसरे एक ख्रिस्ती स्नेही मात्र दरवर्षी हौसेने गव्हाणी (येशूच्या जन्माचा देखावा) मांडतात. त्यात मुलाच्या शाळेची सूचना आली, ‘नाताळ आचरण करण्यात येईल’, आणि फलकावर लिहिलं होतं ‘येशू जयंती’. मग नाताळ मानायचा, पाळायचा, साजरा करायचा की आचरायचा? आणि तारखेची खात्री नसेल तर ‘जयंती’ म्हणणं बरोबर का?”

क्रियापदं चार आहेत, पण शेजाऱ्यांचं सगळं म्हणणं ‘मानणे’वर उभं आहे. म्हणून आधी तेच पाहू.

‘मानणे’ हा ‘मन’च्या घरातला शब्द. ‘तो देव मानतो’ म्हणजे देव आहे असं धरून चालतो. ‘गाव त्यांना मानतं’ म्हणजे आदर करतं. याशिवाय आपल्या बोलण्यात एक तिसरं मानणं आहे: मानलेला भाऊ, मानलेली बहीण. रक्ताचं नातं नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं, आणि तरी भाऊबीजेला ओवाळणी पडते, अडीअडचणीला तोच धावून येतो. ‘तुमची जन्माची नोंद दाखवा, मग भाऊ म्हणा’ असं त्यांना कुणी सांगत नाही.

25 डिसेंबर ही अशीच मानलेली तारीख आहे. जन्माची हकिकत बायबलमधल्या मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, येते. हेरोद राजा, बेथलेहेम, रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ, हे सगळं तिथे आहे. दिवस आणि महिना मात्र नाही. इ.स. 200 च्या सुमाराला अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक, लोक जन्मदिवस म्हणून कोणकोणत्या तारखा सांगतात ते नोंदवतो. त्यांत एप्रिल-मेमधल्या तारखा आहेत, 25 डिसेंबर नाही. ही तारीख पहिल्यांदा स्पष्टपणे दिसते ती रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका संग्रहात, आणि त्यातली ती यादी 336 च्या सुमाराची समजतात. हाच दिवस का धरला, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक मत सांगतं की त्या सुमाराला रोममध्ये सूर्याचा उत्सव होता. दुसऱ्या मताप्रमाणे गर्भधारणेचा दिवस 25 मार्च धरून पुढे नऊ महिने मोजले. मला दुसरं जास्त पटतं, पण आपल्या प्रश्नाला दोन्ही मतं सारखीच.

म्हणजे शेजाऱ्यांची माहिती अचूक आहे. त्यांचा आक्षेपही आजकालचा नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 साली नाताळावर बंदी घातली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. दोन्हीकडे बंदी घालणारे कट्टर ख्रिस्तीच होते आणि त्यांचं म्हणणं हेच, की शास्त्रात सांगितलेलं नाही ते करू नये. त्यांचीही येशूवरची श्रद्धा तसूभर कमी नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की या शेजाऱ्यांच्या मनात जे आहे त्याला नेमकं मराठी वाक्य ‘आम्ही नाताळ पाळत नाही’ हे आहे. ‘नाताळ मानत नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, येशूचा जन्म झाला हेच यांना मान्य नाही. तसं तर त्यांना मुळीच म्हणायचं नसतं.

‘पाळणे’ची जात वेगळी. आपण पथ्य पाळतो, शब्द पाळतो, सुतक पाळतो, एकादशी पाळतो. पाळायला ठरलेली वेळ लागते, नेम लागतो, आणि बहुतेक वेळा सोबतीला माणसं लागतात. मानणं एकट्याने, मनातल्या मनात, बारा महिने चालतं. (मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात तोही याच क्रियापदातून आलेला शब्द, पण तिथला अर्थ कळप राखणारा, सांभाळणारा असा आहे.) येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच मुद्दा आहे. कुणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा धरतो, कुणाला सगळे दिवस सारखे. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असं तो सांगतो. गलतीकरांस पत्रात मात्र तोच पौल दिवस, महिने, ऋतू आणि वर्षं पाळणाऱ्यांवर नाराज आहे. तेव्हा निपाणीच्या त्या दोन्ही घरांना आपापला आधार त्याच पुस्तकात सापडतो.

तारखेवरून सगळ्यात मोठा वाद झाला तो मात्र नाताळावरून नव्हे, ईस्टरवरून, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणावरून. आणि मला वाटतं, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वादात आहे. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या हिशेबाने, हा सण पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये रविवारच धरत. साधारण 155 साली स्मर्नाचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला आला आणि तिथला बिशप अनिसेटस याच्याशी यावर बोलला. दोघांनी एकमेकांना पटवायचा प्रयत्न केला, कुणीही हटलं नाही. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला, आणि दोघे सलोख्याने आपापल्या वाटेने गेले. पुढे 190 च्या सुमाराला व्हिक्टर हा रोमचा बिशप आशियातल्या मंडळ्यांना याच कारणावरून तोडायला निघाला. तेव्हा ल्योनचा बिशप इरेनेयस याने त्याला पत्र लिहून जुन्या भेटीची आठवण दिली. त्याचा आशय असा, की ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांबद्दल आपण वेगळे असूनही एक राहतो, यातूनच श्रद्धा एक असल्याचं दिसतं. दिवस आणि श्रद्धा यांचं नातं इतक्या मोजक्या शब्दांत सांगितलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आजही ईस्टर तिथीने चालतो म्हणायला हरकत नाही. 21 मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार, आणि ही पौर्णिमा आकाशातली नाही, कोष्टकातली. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या गणिताने जातात. 2024 मध्ये पश्चिमेचा ईस्टर 31 मार्चला होता आणि त्यांचा 5 मेला. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिलला आले. नाताळ तारखेचा सण, पण तिथेही रशियन चर्चचा 25 डिसेंबर आपल्या कॅलेंडरात 7 जानेवारीला पडतो, आणि आर्मेनियन चर्च जन्म आणि बाप्तिस्मा मिळून 6 जानेवारीला पाळतं. यांपैकी कुणीही दुसऱ्याला ‘तुमचा ख्रिस्त वेगळा’ असं म्हणत नाही.

बेळगावकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे शिवजयंती 19 फेब्रुवारीला होते, फाल्गुन वद्य तृतीयेलाही होते, आणि चित्ररथांची मोठी मिरवणूक निघते ती वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीला. कुठला दिवस खरा यावर चर्चा झडतात, झडाव्यातही, कारण इतिहासात अचूकपणाला किंमत आहेच. पण वैशाखात मिरवणुकीत नाचणारा पोरगा महाराजांना फेब्रुवारीतल्या पोराहून कमी मानतो, असं कुणी म्हणून तर पाहावं!

आता ‘जयंती’. संस्कृतात जयंती हे मुळात एका योगाचं नाव आहे: श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की ती जयंती. पुढे अर्थ पसरला आणि कुणाचाही जन्मदिवस जयंती झाला, पण ठरलेल्या दिवसाचा दावा त्या शब्दाला चिकटूनच राहिला. शिवाय ‘जयंती-पुण्यतिथी’ या जोडीमुळे ऐकणाऱ्याला होऊन गेलेला थोर पुरुष आठवतो. हनुमान जयंती, दत्तजयंती आहेतच, तेव्हा व्याकरणाने ‘येशू जयंती’ चूक म्हणता येणार नाही. पण ख्रिस्ती माणूस पुनरुत्थान झालेल्या, जिवंत प्रभूला भजतो. त्याच्या घरात हा शब्द बोलला जात नाही. उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) कुणी पुण्यतिथी म्हणत नाही, तसंच. ज्यांचा सण त्यांचा शब्द घ्यावा. खानापूरकडच्या कोंकणी घरांत ‘नाताळांचें फेस्त’ म्हणतात, मराठी घरांत ‘नाताळ’. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. त्यात जन्म आहे, तारीख नाही.

‘आचरण’ कुठून आलं ते सीमाभागात सांगायला नको. कन्नडमध्ये सण ‘आचरिसु’ करतात, ‘जयंती आचरणे’ ही तिथल्या सरकारी कागदाची नेहमीची भाषा, आणि परिपत्रक मराठीत उतरवताना शब्द तसाच खाली येतो. आपल्याकडेही व्रत आचरतात, त्यामुळे तो अगदी परका नाही. पण नुसतं ‘आचरण’ म्हटलं की मराठी माणसाला वागणूक आठवते. ‘साजरा करणे’ इथे सर्वांत चांगलं. ‘दुरून डोंगर साजरे’ मधला हा साजरा, म्हणजे देखणा. दिवस साजरा करायचा म्हणजे तो देखणा करायचा. गव्हाणी, आकाशकंदील, करंज्या हे सगळं त्यात बसतं, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरालाही ते म्हणता येतं.

तेव्हा शाळेच्या मराठी सूचनेत ‘नाताळ साजरा करण्यात येईल’ असं लिहावं, कन्नड प्रतीत ‘आचरणे’ आहे तसं राहू द्यावं, फलकावर ‘नाताळ’ एवढाच शब्द पुरे. गव्हाणी मांडणारे स्नेही नाताळ पाळतात आणि साजराही करतात. शेजारचं कुटुंब तो पाळत नाही. ‘येशूला मानतात’ हे मात्र दोन्ही घरांबद्दल लिहिता येईल.