पंधरा दिवस लाइट आली नाही आणि वाटाही बंद पडल्या, तर खानापूरकडच्या (बेळगाव जिल्हा) घराने काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, दोन म्हशी, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर, दीड एचपीची बोअर आणि परड्यात एक जुनी विहीर आहे. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून पंधरा दिवसांची सोय कशी करायची, हा तुमचा प्रश्न. यात इन्व्हर्टर आधी आलाय आणि विहीर शेवटी. मी हा क्रम उलटा धरेन.

आधी भीती नेमकी कशाची ते बघू. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) बसली तेव्हा दक्षिणेची ग्रिड वेगळी होती. ३१ डिसेंबर २०१३ ला तीही जोडली गेली, त्यामुळे आता आपण सगळे एकाच साखळीत आहोत. पण २०१२ लाही वीज दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक ठिकाणी परत आली होती. पंधरा दिवस अंधार पडतो तो गावापर्यंतच्या शेवटच्या लाइनमुळे. रानातून गेलेल्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेवर झाड पडतं, खांब लवंडतात, टीसी (गावाचा ट्रान्सफॉर्मर, कोल्हापूरकडे ज्याला डीपी म्हणतात तो) जळतो, आणि नवा टीसी आणणारी गाडी चिखलातून गावात पोचत नाही. त्यात २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत झालं तसा कोल्हापूर-निपाणी पट्ट्यातला हायवे पाण्याखाली गेला, की दुकानातला मालही संपतो.

आता पाणी. माणशी २० लिटर धरले तर पाच जणांचे १०० लिटर. दुभती म्हैस दिवसाला ६० ते ८० लिटर पिते, म्हणजे दोघींचे १४० तरी हवेत. एकूण २४० लिटर रोज! एवढं पंधरा दिवसांचं साठवून होत नाही. घरातला इन्व्हर्टर बोअरची मोटर उचलणार नाही, कारण दीड एचपी म्हणजे ११०० वॅट आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढ. तेव्हा विहीर जागी करा. मृगाच्या आधी गाळ काढा, रहाटाला किंवा कप्पीला तेल द्या, बोटाएवढा जाड दोर घ्या (बारीक नायलॉन हात कापतो), विहिरीच्या खोलीपेक्षा १५ फूट जास्त. पडलेली कळशी काढायला गळ घरात हवाच. म्हशींसाठी आणि भांड्यांसाठी पन्हळीचं पाणी पिंपात धरा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा ५० चौरस मीटर कौलांवर १० मिलिमीटर पडला की ५०० लिटर, गळती धरून ४००.

पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी उतरतं, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकताना अंदाजपंचे टाकू नका. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५ म्हणजे घनमीटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिचा गोळा मोडून पेस्ट करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, चुना फेकून द्या. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून चार-पाच वेळा वरखाली हिसडा. तासभर पाणी काढायचं नाही. त्यानंतर ओंजळीत हलका वास आला पाहिजे. आला नाही तर निम्मा डोस परत. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या मातीतच खर्ची पडतो. मग तुरटी फिरवून, निवळून, चार पदरी कापडातून गाळून, खळखळ उकळलेलंच प्या. दमट हवेत उघडी राहिलेली गेल्या वर्षीची पावडर म्हणजे नुसता चुना. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यातच ठेवा.

मग इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास. बॅटरीला पूर्ण ओढायचं नसतं, इन्व्हर्टरही काही खातो, म्हणून हाताशी १२०० धरा. नऊ वॅटचे चार बल्ब रोज चार तास आणि दोन मोबाइल मिळून १७५ लागतात, म्हणजे जवळपास सात दिवस. पण इन्व्हर्टर चालू ठेवला की काही न जोडताही तो १५ वॅटच्या आसपास खातो. चोवीस तासांत ३६०! म्हणजे उजेडाच्या दुप्पट वीज तो स्वतःच खातो आणि बॅटरी दोन-सव्वादोन दिवसांत झोपते. म्हणून गरज संपली की पुढचं बटण बंद करा. पंखा विसरा. रिकामी पडलेली बॅटरी आठवडाभर तशीच राहिली तर प्लेटांवर थर चढतो आणि ती कायमची मरते. २०० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्टचा २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर लावून ठेवा, बॅटरीजवळ फ्यूज घालायला विसरू नका. आषाढातल्या ढगात पॅनेल उन्हाच्या पाचवा हिस्साच देतं, दिवसाला १५० वॉट-तास, पण तेवढ्यात उजेड जवळजवळ भागतो.

छपरावर सबसिडीचं सोलर बसवलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बॅटरी नसलेलं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतः बंद पडतं, भर उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. त्याच कारणासाठी जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटात कधीही खुपसू नका. चेंजओव्हर स्विच लावा, तो घराला एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर यांपैकी एकालाच जोडतो. आणि जनरेटर पडवीतसुद्धा नको, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

खाण्याचं गणित सोपं आहे, अडचण वेगळीकडे आहे. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य म्हणजे पाच जणांना पंधरा दिवसांत ३० किलो, तूर, मसूर, कुळीथ मिळून ६ किलो, तेल अडीच लिटर, मीठ, गूळ. घरात भात भरपूर असेल, पण राइस मिल बंद पडली तर त्याचा तांदूळ कसा करणार? म्हणून महिन्याचा तांदूळ कांडून ठेवलेला हवा. दाताखाली दाणा कट्कन तुटला तरच डब्यात भरा. मऊ लागला तर परत उन्हात. गिरणी बंद म्हणजे जोंधळ्याची भाकरीही बंद, म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढा, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून (छिन्नीने खाचा पाडून) घ्या, आणि पहिलं मूठभर पीठ कोंबड्यांनासुद्धा न घालता फेकून द्या, त्यात दगडाची कच असते. पाटा-वरवंटाही धुऊन ठेवा. चुलीची लाकडं मे महिन्यातच छपराखाली गेली पाहिजेत, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला हवा. चुरमुरे आणि पोहे घट्ट डब्यात ठेवा, ताप आलेल्याच्या घरी चूल न पेटवता तेच उपयोगी पडतात.

मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासच चालते. नंतर फोन नाही आणि फोनवरून पैसे देणंही नाही. सुट्ट्या नोटा आणि सेलवरचा रेडिओ ठेवा. घरात इन्सुलिन घेणारं माणूस असेल तर चालू कुपी २५ ते ३० अंशांत साधारण चार आठवडे टिकते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात कुपी. साप चावला तर मात्र घरात काहीही करत बसू नका, थेट तालुक्याच्या दवाखान्यात. त्यासाठी कुणाच्या गाडीत डिझेल आहे, हे वाडीतल्या सगळ्यांना आधीच ठाऊक पाहिजे.

लाइट येईल त्या वेळेसाठी एक जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब जपून ठेवा, एलईडी नको, त्याला व्होल्टेजचा फरक दिसत नाही. मीटरचा बोर्ड भिजला असेल तर हातच लावू नका, लाइनमन येईपर्यंत थांबा. बोर्ड कोरडा असेल तर फ्रिज, टीव्ही, मोटर, इन्व्हर्टर सगळ्यांचे प्लग काढून फक्त तो बल्ब लावा. लखलखीत पांढरा जळला तर लाइनची न्यूट्रल (परतीची तार) तुटलेली असू शकते. मेन लगेच पाडा, १९१२ (वीज तक्रारीचा नंबर) वर कळवा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारून मेन पाडायला सांगा. दहा मिनिटं नेहमीसारखा जळला, की आधी इन्व्हर्टर चार्जिंगला लावा आणि मग मोटर सुरू करा.