विहिरीचं पाणी आठ दिवसांत दहा फूट वर आलंय, पूर येणार असं समजायचं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या थोरल्या भावाचं, अण्णाचं तोंड डोळ्यासमोर आलं. चिकोडी भागात नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर तुमचं घर, परड्यातल्या विहिरीचं पाणी चढतंय, आणि लक्ष कसं ठेवायचं, तयारीला कधी लागायचं हे तुम्ही विचारलंय.

विहीर पूर सांगत नाही. जमिनीचं पोट भरलं, आता वरचं पाणी आत जाणार नाही, एवढंच ती सांगते. ते ‘एवढंच’ आम्हाला तंबाखूच्या नऊ बोदांना, म्हणजे नऊ मोठ्या पोत्यांना पडलं.

आम्ही निपाणी तालुक्यातले, वेदगंगेच्या काठचे. 2019 साली अण्णानं तंबाखूची पंधरा बोदं भाव चढेल म्हणून माजघरात थप्पी लावून ठेवली होती. जुलैच्या शेवटाला पाऊस लागला तो उघडेचना. मी सुतळीला वजन बांधून रोज सकाळी विहीर मोजायचो, जमिनीपासून पाणी किती खाली ते कॅलेंडरवर लिहायचो. नऊ फूट, सात, साडेपाच. 3 ऑगस्टला चार. अण्णाला म्हटलं, बोदं माळ्यावर टाकूया. तर म्हणाला, “हिरीत बघून पूर सांगतोस व्हय रं? पुलाखाली अजून चिक्कार जागा हाय. 2005 लाबी पाणी पायरीलाच टेकलंतं.”

अण्णाचा सगळा भरवसा फोनवर. राजापूर बंधाऱ्यातून कृष्णेचं पाणी किती क्युसेक, सदलग्याला दूधगंगा किती, कल्लोळला दोन्हींची बेरीज किती. हे आकडे बघावेत, मीही बघतो. पण ते नदीचे आकडे आहेत, आपल्या जोत्याखालचे नव्हेत. आणि कृष्णा भरली की दूधगंगा-वेदगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुग येते. नदी तुंबली की जमिनीतलं पाणी तरी निचरून कुठं जाणार? आमच्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि काळा पाषाण. त्या मुरमात पाणी धरायला जागा शंभरात दोन-तीन भाग. म्हणजे एक इंच पाऊस खरोखर मुरला तर विहीर तीन-चार फूट चढते. तुमच्या दहा फुटांचं गूढ बहुतेक एवढंच आहे, त्यामुळं चढ बघून लगेच घाबरू नका. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांत पातळी उतरायला लागली तर ठीक. उघडीप असूनही ती तिथंच बसली किंवा चढतच राहिली, तर नदी बाजूनं दाबतेय असं धरून सामान हलवायला लागा.

5 तारखेला सकाळी वैनी म्हणाल्या, माजघरात ओल आलीय. आमच्या माजघरात जुनं पेव, म्हणजे धान्य ठेवायचा जमिनीतला खड्डा आहे, आजोबांच्या काळी त्यात जोंधळा असायचा. वरची फरशी उचलली तर दोन हातांवर पाणी! नदी तेव्हा अजून गावाबाहेर होती. खालच्या थराची बोदं घामेजली होती. दिवसभरात आम्ही सहा वर चढवली. रात्री वेदगंगा पुढच्या दारानं आत आली आणि बाकीची नऊ तिच्या ताब्यात गेली. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आल्यानं ट्रॅक्टर मागवून बाहेर काढायची वाटही राहिली नाही.

मोजायचं अवघड नाही. कठड्यावर ऑईल पेंटनं एक खूण करा, रोज त्याच खुणेपासून, सकाळी मोटर चालू करायच्या आधी मोजा आणि शेजारी पावसाचा आकडा लिहा. केंद्रीय भूजल मंडळ वर्षात चार वेळा मोजतं, ते वर्षाचा कल बघायला. तुम्हाला रोजचा आकडा लागतो आणि तो तुमच्याशिवाय कोण घेणार? पाणी जमिनीपासून पाच फुटांवर आलं की मी धान्य, कागदपत्रं, खताची पोती वर टाकतो, विहिरीवरची मोटर काढतो. संडासाची टाकी उलटी यायला लागते, तिकडंही बघा. म्हशी मात्र उजेडी हलवा, रात्री पाण्यात जनावर पाय टाकत नाही. काळजी केंद्र (पूरग्रस्तांची सरकारी छावणी) कुठल्या शाळेत उघडणार ते आधीच विचारून ठेवा. घर सोडताना मेन स्विच बंद, हे काय सांगायचं.

पूर ओसरल्यावर विहीर एका दमात उपसू नका. बाजूची माती पाणी पिऊन फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की बांधकाम आत ढासळतं. आमच्या भावकीत एकाची गेली तशी. हळूहळू उपसा, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, आणि पाणी तपासून आल्याशिवाय पिऊ नका.

हो, एक राहिलं. माझा पाच फुटांचा हिशेब नदीकाठच्या काळ्या रानाचा आहे. खानापूरकडं जांभ्यात पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात, तिथं कोण घाबरत नाही. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या अंगाला राहत असाल तर आधी नाल्यावर लक्ष ठेवा. तुमच्या गावात 2019 ला आणि 2021 ला विहिरी कुठवर होत्या ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यावरून तुमचा आकडा ठरवा.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा अण्णानं न बोलता दोन दिवस आधी सगळं माळ्यावर नेलं. पण 2019 चं पेवातलं पाणी न्हाणीचं होतं, हे तो आजही सोडत नाही. न्हाणी पेवापासून पंचवीस फुटांवर आहे, आणि उताराच्या खालच्या अंगाला.