दुःखाने खरंच छातीत दुखतं का, की ते मनाचे खेळ असतात?

भावनांचा शरीरावर परिणाम होतो का, आणि होत असेल तर त्यावर ताबा कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय. होतो. स्टेजवर जाताना तोंडाला कोरड पडते, रागाने हात थरथरतात, त्यात नवीन काही नाही. मी लिहायला बसले ते ‘मनाचे खेळ’ वाचून. हे शब्द माझ्या आईने फार ऐकलेत.

माझा मामा अचानक गेला. त्याला घरी आणलं तेव्हा आई रडलीसुद्धा नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. संध्याकाळी छातीत कळ, दरदरून घाम, धाप. सकाळपासून पोटात काही नाही, पित्त झालंय, असं सगळ्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही, तिला गाडीत घातलं. ईसीजी बिघडलेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही वाढलेलं. हार्ट अटॅक समजून अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या! टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र दिसलं की हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक आकुंचनच पावत नाहीये, फुग्यासारखं फुगलंय. डॉक्टर म्हणाले, ताकोत्सुबो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जबर धक्का बसला की अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात उसळतात आणि हृदयाचा स्नायू काही काळ लुळा पडतो, असं मानतात. दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात, त्यातही बहुतेक पाळी गेलेल्या. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत सुधारतं, पण काहीजणी हॉस्पिटलमध्येच दगावतात.

घरी आल्यावर काका म्हणाले, “ब्लॉकेज नाही ना? मग झालं काय? वहिनी मनाला फार लावून घेतात.” याच काकांना स्टेंट बसला तेव्हा कित्येक महिने कुणी त्यांना पाण्याचा हंडा उचलू दिला नव्हता. आईला मात्र पहिल्याच सणाला पुरणावरणाचा स्वयंपाक! रक्तवाहिनी तुंबली तर आजार आणि स्नायूच लुळा पडला तर नाटक, हा कुठला न्याय? इकोचा रिपोर्ट मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तरीही मतं बदलली नाहीत. म्हणून सांगते, तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला आधी विश्रांती द्या, उपदेश नंतर. आणि त्याच्या बाजूने मोठ्याने बोला.

ताब्याचं म्हणाल, तर स्टेजच्या भीतीला सावकाश श्वास सोडण्याचा उपयोग होतो. भाऊ गेलेल्या बाईला ‘ताबा ठेव’ म्हणणं मला निर्दयपणा वाटतो.

हो, एक राहिलं. दुःखाच्या घरातली प्रत्येक कळ ताकोत्सुबोची नसते, खराखुरा अटॅकही त्याच दिवशी येऊ शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, घरी बसून ओळखता येत नाहीत. ओवा-सोडा देत बसू नका, 108 ला फोन करा.