बॉटल जॅकचा पाइप बेंडर वर्कशॉपमध्येच बनवला, तर १ इंची पाइप चपटा न होता वाकेल का? (सांगली)

वाकेल, पण जॅक किती टनी आहे यापेक्षा डायची (जॅकवर बसवून पाइप दाबणाऱ्या गोलसर ठोकळ्याची) खाच पाइपवर किती नेमकी बसते, यावर सगळं ठरतं. वाकताना पाइपची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि आधार नसेल तर कडा फुगून पाइप चपटा होतो; खाचेने निम्मा पाइप धरला की कडांना फुगायला जागाच उरत नाही. ग्रील-गेटच्या कामात घोळ होतो तो मापात. १ इंची म्हणून मिळणाऱ्या पाण्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिमी, तर १ इंची फर्निचर ट्यूबचा २५.४ मिमी. एकाच डायवर दोन्ही चालवणं म्हणजे माल भंगारात घालणं. तेव्हा पाइपचा तुकडाच घेऊन कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे जा, डाय आणि पाइपला दोन्ही बाजूंनी टेकू देणारे रोलर त्यावरून टर्न करून घ्या. बाकी फ्रेम चॅनेलची, जॅक उभाच ठेवायचा.

- बेंडची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवा.
- जॅक सोडल्यावर पाइप थोडा परततो, म्हणून दोन-चार अंश जास्त वाकवा.

मात्र पातळ पत्र्याची ट्यूब असेल तर हा बेंडर पुरत नाही; कोरडी वाळू ठासून भरून टोकांना बूच मारा, नाहीतर गोल डायभोवती ओढणारा बेंडर करा. ओली वाळू भरून गॅसने तापवू नका, वाफ कोंडून बूच उडतं.