बहारीनला राहताना फॉर्म्युला वनची शर्यत स्टँडवर बसून पाहावी का, आणि गोव्याच्या माणसाला तिथलं जेवण कसं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही फोंड्याचे, बहारीनला नोकरी लागली आहे, शर्यतींचं वेड लहानपणापासून आहे, पण घरचं जेवण सुटणार याची धास्ती वाटते. दोन्ही गोष्टी मी स्वतः अनुभवल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी डिचोली तालुक्यातला. खाणी चालू होत्या तेव्हा टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, दुरुस्त करायचो. ब्रेक, क्लच, पाटे, सगळं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि टिपर जागच्या जागी गंजायला लागले. पुढच्या वर्षी मी बहारीन गाठलं आणि आठ वर्षं तिथल्या जड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये काढली. देश केवढा, तर आपल्या गोव्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. राजधानी मनामाहून साखीरचा शर्यतीचा ट्रॅक तीसेक किलोमीटर. म्हणजे आपण फोंड्याहून पणजीला जातो, जवळपास तेवढंच.

शर्यत पाहाच. आणि जमलं तर पहिल्या वळणासमोरच्या स्टँडवरून पाहा. तिकीट मुख्य स्टँडचंच हवं असा हट्ट धरू नका. तिथून गाड्या दिसतात, पण सरळ रस्त्यावर त्या डोळ्यांसमोरून निघून जातात, मान वळवेपर्यंत संपतं. खरा खेळ वळणावर आहे. लांबलचक सरळ रस्त्यावरून गाडी ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास येते आणि शंभर-सव्वाशे मीटरांत सत्तर-ऐंशीवर उतरते. टीव्हीवर हे कधीच कळत नाही. कॅमेरा दुरून धरलेला असतो, त्यात वेग सपाट होऊन जातो.

मी आयुष्यभर ब्रेक खोलले आहेत. भरलेला टिपर खाणीच्या उतारावरून उतरला की ड्रम तापून लायनिंगचा जळका वास सुटतो. तो वास आला की गाडी बाजूला घ्यायची, हे आम्हाला उस्तादाने पहिल्या महिन्यात शिकवलं. आणि इथे माझ्यासमोर कार्बनच्या डिस्क केशरी होऊन पेटलेल्या दिसत होत्या, हजार अंशांच्या घरात तापलेल्या, आणि पुढच्याच क्षणी गाडी वळण घेऊन निघालेली. रात्री दिव्यांखाली हे दिसतं. माझ्या अंगावर काटा आला होता, आज लिहितानाही येतो.

ती माझी पहिली शर्यत, ६ एप्रिल २०१४. बहारीनला पहिल्यांदाच रात्री दिव्यांच्या उजेडात शर्यत झाली ती हीच. हॅमिल्टन आणि रॉसबर्ग, दोघेही मर्सिडीजचे, पूर्ण वेळ एकमेकांच्या मागे. चाळीस फेऱ्या झाल्यावर माल्दोनादोने गुतिएरेझच्या गाडीला धडक दिली, ती पहिल्याच वळणावर हवेत उलटली. ड्रायव्हर सुखरूप बाहेर आला, पण सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी पुढची गाडी, आली आणि सगळ्या गाड्या पुन्हा एका रांगेत. शेवटच्या दहाएक फेऱ्यांत रॉसबर्ग नव्या, मऊ, जास्त पकड देणाऱ्या टायरवर आणि हॅमिल्टन त्याहून कडक टायरवर. रॉसबर्ग आत घुसायचा, हॅमिल्टन परत पुढे यायचा. शेवटी जिंकला हॅमिल्टन, तेही सेकंदभराच्या फरकाने. तिसरा आला फोर्स इंडियाचा पेरेझ. भारताचं नाव असलेला संघ पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावर, चढला तेव्हा आमच्या स्टँडवरचे केरळचे, पंजाबचे, मंगळूरचे आणि आम्ही दोन गोंयकार, सगळे ओरडत उभे राहिलो. परक्या मुलखात तो क्षण फार मोठा असतो.

ट्रॅकबद्दल थोडं, कारण तुम्हाला वेड आहे. २००४ साली उघडला आणि मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत त्याच वर्षी तिथे झाली, शूमाखरने जिंकली. लांबी ५.४१२ किलोमीटर, १५ वळणं, ५७ फेऱ्या. डांबरातली खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खाणीतून आणलेली. चहूकडे वाळवंट, त्यामुळे वाऱ्याने वाळू ट्रॅकवर येऊ नये म्हणून सुरुवातीला आजूबाजूच्या वाळूवर चिकट द्रव फवारला होता. हे ऐकल्यावर मला आमच्या खाणरस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पाणी मारत फिरणारे टँकर आठवले. तांबडी काय आणि पांढरी काय, धुळीशी झगडा सगळीकडे सारखाच.

बहारीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. म्हणजे सराव आणि पात्रता फेरी सुट्टीत येते, पण मुख्य शर्यत रविवारी, कामाच्या दिवशी. सुरू होते संध्याकाळी, त्यामुळे मुकादमाला आधी सांगून ठेवलं तर दुपारी सुटता येतं. वाळवंटात अंधार पडला की वारा गार होतो, जाकीट न्या. कानात घालायचे बोळेही न्या. २०१४ पासून इंजिनं पूर्वीपेक्षा शांत झाली असं जुने लोक म्हणायचे, तरी लहान मुलं बरोबर असतील तर बोळे हवेतच.

आता जेवण. इथे मात्र मला सुरुवातीला फार त्रास झाला. पहिले आठ महिने कामगारांच्या मेसमध्ये जेवलो. भात, डाळ, कोंबडी, सगळ्यात टोमॅटो. पोट भरायचं. पण नारळ नाही, उकडा तांदूळ नाही, आणि आंबट तर काहीच नाही. घरी आईच्या हुमणाला, म्हणजे मासळीच्या आमटीला, सोलां (आमसुलं) असायची, तिसऱ्यांना कच्ची कैरी. जिभेला त्या आंबटाची एवढी सवय होती की रात्री झोपताना तोंड बेचव वाटायचं. मी सुकत चाललो होतो.

आमचा फोरमन मुहर्रकचा, अस्सल बहारीनी. शर्यतीच्या त्याच आठवड्यात शुक्रवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. खाली बसून, एका मोठ्या थाळ्यातून सगळ्यांनी मिळून खायचं. मासळीचा मचबूस होता. भातात मसाला, वर इसवणाचे (सुरमईचे) तळलेले तुकडे, तिकडे त्याला चनाद म्हणतात. पहिला घास घेतला आणि थांबलो. आंबट! लिंबाचं ताजं आंबट नव्हे, चिंचेचंही नव्हे. खोल, थोडं कडवट, धुरासारखं. मी विचारलं, हे काय घातलंय? त्याच्या आईने भातातून एक काळं, सुरकुतलेलं फळ काढून माझ्या हातावर ठेवलं. लूमी. लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात कडक वाळवतात, ती आतून काळी होतात. भोक पाडून रश्शात सोडायची.

आमच्याकडे मे महिन्यात अंगणात सोलांसाठी रातांब्यांच्या साली वाळत असतात, रस लावायचा, परत वाळवायच्या, काळ्या होईपर्यंत. तिकडे लिंबू, इकडे रातांबा. ऊन तेच, मीठ तेच, मासळीखाली आंबट हवं ही समजूतही तीच. त्या दिवसापासून मी त्यांच्या जेवणाकडे नारळ नाही म्हणून नाक मुरडणं सोडलं आणि जेवायला लागलो.

मग एकेक गोष्ट ओळखीची निघत गेली. मुहम्मर म्हणून खजुराच्या गोडीचा भात असतो, त्याबरोबर तळलेली साफी मासळी. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचं हे जेवण. गोड भात आणि मासळी हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खारट तळलेली साफी त्याबरोबर खाऊन पाहा. सकाळी बलालीत करतात, केशर-वेलची-गुलाबपाण्यातल्या गोड शेवया आणि वर अंड्याचं पोळं. आमच्या शिरवळ्या नारळाच्या रसात, त्यामुळे मला इथे शिरवळ्याच सरस वाटतात. बलालीत कोरडं लागतं, हे माझं प्रामाणिक मत. माह्यावा मात्र चुकवू नका. बारीक मासळी मिठात मुरवून केलेलं चटणीसारखं पातळ, पातळ रोटीवर फासतात. वास उग्र. ज्याच्या घरात पावसाळ्यासाठी पुरुमेंताचं (साठवणीचं) खारं नुस्तं, म्हणजे खारवलेली मासळी, भरलेलं असायचं, त्याला तो वास परका वाटणार नाही. माझ्याबरोबरचा राजस्थानी पोरगा खोलीबाहेर जाऊन बसायचा.

पावाच्या बाबतीत तडजोड करावी लागेल. तंदूरचा खुबूस गरम असेपर्यंत उत्तम, थंड झाला की चिवट. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा आणि गरम पोई, सोबत पातळ भाजी, याची जागा तिथे कशानेच भरली नाही. खुबूस आणि बहारीनी टिक्का, ज्याला हीच काळी लूमी चोळलेली असते, हे रात्रीचं खाणं मात्र मला इतकं आवडलं की गोव्याला आल्यावर त्याची आठवण येते. हामूर म्हणजे आपला गोबरो. मासळीबाजारात भाव करताना दोन्ही नावं सांगितली तरी चालतं, विकणारे बरेचदा आपल्याच किनाऱ्यावरचे असतात.

एक गोष्ट राहिली. शर्यत संपल्यावर बहारीनमध्ये पोडियमवर शँपेन उडवत नाहीत, गुलाबपाण्याचं फेसाळ पेय उडवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारचे काही हसले. मला ते आवडलं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याने आपल्या घरची रीत पाळावी असं त्यांना वाटतं, त्यात चूक काय?

रमजान आला तर दिवसा रस्त्यावर, गाडीत, वर्कशॉपच्या अंगणात काही खाऊ-पिऊ नका, पाणीसुद्धा नाही. २०२४ मध्ये रमजान जवळ आला म्हणून शर्यतच शनिवारी, २ मार्चला घेतली होती. तेव्हा तिकीट काढताना त्या वर्षीचा वार नीट पाहून घ्या.

सामानात काय न्यायचं असं विचाराल तर उकडा तांदूळ नेऊ नका, वजन होतं आणि चार दिवसांत संपतो. सोलां न्या, अर्धा किलो पुरतात. पूर्ण वाळलेली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर कपड्यांवर जांभळे डाग पडतात ते जात नाहीत. मी दुसऱ्या वर्षी नेली तेव्हा फोरमनच्या आईला मूठभर दिली. तिने ती मचबूसमध्ये टाकून पाहिली आणि पुढच्या सुट्टीआधी निरोप आला, अजून आण. माझ्या बायकोने इकडे मी आणलेली लूमी बांगड्याच्या हुमणात टाकली. तिरफळांबरोबर ती छान लागते, पण एकच टाकायची, आणि बिया काढून, नाहीतर कडू होतं.